एका चुलीला चार मापं

सोजराबाईला जेवताना फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांना वाढून झालं, की ती उरलेली भाकर मोडून चुलीपाशीच, भिंतीकडे तोंड करून दोन घास खायची आणि पदर झटकून उठायची. घरात कोण किती खातो हे तिला न विचारता कळायचं, पण तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. सासू रुखमाबाई आल्यागेल्याला सांगायची, "माह्या मोठ्या सुनेच्या तव्यावरून कोनी उपाशी उठत नाही." सांगताना तिचा आवाज जरा चढायचा.

बीबीच्या पुढे, नाल्यापलीकडे, माळ्यांची आणि पिंजाऱ्यांची मिळून एक लहानशी वाडी होती. तिथे त्यांचं घर. दोन खण, पुढे पडवी, मागे मळा आणि मळ्यात विहीर. वांगी, मेथी, कांद्याची पात बीबीच्या बाजारात विकायची आणि त्यावर ज्वारी आणायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

सुलतानपूरहून सोजराबाई या घरात लग्न होऊन आली तेव्हा अगदी पोरसवदा होती. पुढे सासूच्या डोळ्यांत फुलं पडायला लागली. एक दिवस सासूनं परात तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "मले आता भाकर करपलेली दिसत नाही, वासानं समजते. तूच बस इथं." तेव्हापासून चूल सोजराबाईची. ती रोज पहाटे चूल सारवायची. हात चांगला होता. वाडीत कुणाला नवी चूल घालायची असली तर तिलाच बोलावत. मग धाकट्या दिराचं लग्न झालं, तानुबाई आली. ती अबोल होती आणि कामाला वाघ. निंदण, पाणी ओढणं, बाजाराला ओझं नेणं, हे तिच्याकडे आलं. चुलीपाशी बसायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. सोजराबाईला वाटे, आपण तिला धुरापासून वाचवलं.

मग मानमोडीचा ताप आला. गावोगाव माणसं पटापट गेली, तसे या घरातले दोघे भाऊही गेले. आधी सोजराबाईचा नवरा नारायणराव, आणि त्याच आठवड्यात धाकटा. घरात उरल्या तीन विधवा आणि पाच लेकरं. सोजराबाईची तीन, तानुबाईची दोन. सासू तोवर पुरती आंधळी झाली होती. दोघी जावांनी मळा धरून ठेवला. फार बोलाचाली झाली नाही. एक पाणी ओढायची, दुसरी रांधायची.

त्यानंतर दोन वर्षांनी पाऊस आलाच नाही. विहिरीत बादली खडकावर वाजायला लागली. मळा वाळला. तसंही त्या वर्षी वांगी कोण विकत घेणार होतं? सरकारनं मेहकरच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम काढलं. ज्यांच्यानं काम होत नव्हतं त्या म्हाताऱ्याकोताऱ्या आणि आंधळ्यापांगळ्या माणसांना, आणि लहान लेकरं पदरात असलेल्या विधवांना बीबीच्या चावडीवर दर बाजाराच्या दिवशी ज्वारी मिळू लागली. तोंडाला एक माप. या घराला आठ मापं. त्यात सोजराबाई कण्या करून, अंबाडीचा वाळका पाला घालून, पातळ घाटा करून आठवडा ओढत नेई. पोट भरत नसे, पण सगळ्यांचं सारखंच रिकामं राही.

थंडी सरता सरता एका बाजाराला चावडीवर नवा हुकूम ऐकवला गेला. वाटप करायला तालुक्याहून एक कारकून येत असे. वाळकुडा माणूस, बोलणं पुणेरी, पायात धुळीनं पांढरे झालेले जोडे. त्यानं उभं राहून सांगितलं, "यापुढे एका चुलीला जास्तीत जास्त चार मापं. माणसं कितीही असोत."

रांगेत मागून चांदबी, फकीर मोहम्मद पिंजाऱ्याची बायको, म्हणाली, "आन् साहेब, घरात आठ तोंडं असन तं?"

"तरी चारच."

"मंग बाकीच्या चौघाइले तुमच्या घरी पाठवू काय जेवाले?"

बाया हसल्या. कारकून रागावला नाही. डोळे चोळत म्हणाला, "पाठवा. माझ्याकडे आधीच सहा आहेत, त्यांच्यात बसतील." मग आवाज खाली आणून सांगू लागला, "बाई, मला काय हौस आहे? परवा एका गावात एका म्हाताऱ्याच्या घरी एकवीस माणसं सांगितली. जाऊन बघतो तर त्यातली पाच मेलेली आणि सात नांदायला गेलेल्या लेकी. कोठार एकच आहे. एका घरानं वीस मापं नेली की शेवटच्या गावाला गाडी रिकामी जाते. तिथल्या लोकांना मी काय तोंड दाखवू?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वाडीतच एकानं गाईच्या गोऱ्ह्याचं नाव मुलगा म्हणून सांगितलं होतं, आणि बाया त्या गोऱ्ह्याला नावानं हाक मारून हसायच्या, हे सोजराबाईला माहीत होतं. पण आपल्या घरातलं कोण खोटं होतं? पदरात चार मापं घेऊन ती उठली. ओझं एवढं हलकं होतं, की तानुबाईनं दुसरा पदर पसरलाच नाही.

चावडीच्या ओट्याखाली अर्जुनराव पाटील उभे होते. दोघींकडे न बघता, तंबाखू मळत म्हणाले, "सोजराबाई, हुकूम नीट आयकला काय? घराले चार म्हटलं का चुलीले?"

सोजराबाईनं पदर पुढे ओढला. "चुलीले म्हटलं, पाटील."

"मंग? घर मी काही मोजाले येनार नाही. चूल मोजाले येईन. तुमी दोघी जावा हा, शाण्या हा." तंबाखू तोंडात टाकून ते निघून गेले.

घरी आल्यावर सोजराबाईनं सासूला सांगितलं, तशी म्हातारी भिंतीला टेकून बसली होती ती सरळ झाली.

"वेगळी चूल? मी जित्ती असताना?"

"दाखवाले, आत्याबाई. खरी नाही."

"चूल खोटी कशी राहीन, अव? दोघं भाऊ एका ताटात जेवले. ते वर गेले, आन् तुमी इथं खापरावर विस्तव घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात जाता?"

"मंग चार मापात आठ तोंडं कशी भरू, तुमीच सांगा," सोजराबाई म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. म्हातारीनं विचारलं, "मी कोनाच्या चुलीवर?"

हिशोब सोपा होता. सोजराबाई आणि तिची तीन लेकरं मिळून चार. तानुबाई आणि तिची दोन म्हणजे तीन, त्यात चौथी सासू. "तानूच्या," सोजराबाईनं सांगितलं. "लिहाले फक्त."

पडवीच्या कोपऱ्यात तिनं स्वतःच दुसरी चूल घातली. नाल्यातली चिकणमाती खणून आणली, त्यात भुसा कालवला, तीन उंचवटे थापून सारखे केले. तानुबाई माती तुडवून देत होती. लेकरं भोवती उड्या मारत होती. त्यांना तो भातुकलीचा खेळ वाटला. चूल वाळल्यावर सोजराबाईनं आपल्या चुलीतला विस्तव खापरावर घेतला आणि नव्या चुलीत ठेवला. तानुबाईनं फुंकर घातली. म्हातारी घरात तोंड फिरवून बसली.

सुरुवातीला सगळं ठरल्याप्रमाणे झालं. दोन्ही पदरांतली ज्वारी एकाच मडक्यात पडायची, पडवीतल्या चुलीवर धूर दिसण्यापुरत्या दोन भाकरी व्हायच्या आणि जेवायला सगळी एकत्र बसायची. वाडीत घरोघर हेच चाललं होतं. चांदबी येऊन सांगे, "आमच्या बुढ्याले म्हटलं, ही तुही चूल, ही माही. तो म्हंतो, मले तं पेटवता बी येत नाही. म्हटलं, मंग उपाशी मर, पन सरकारले चूल दिसली पाह्यजे!"

पण कारकून मूर्ख नव्हता. एका सकाळी तो पाटलाला घेऊन वाडीत फिरला. चूल दिसली की खाली बसून राखेत बोटं घाली. चांदबीच्या दुसऱ्या चुलीत त्यानं हात घातला तर आतून कोंबडी फडफडत बाहेर आली, आणि राखेत अंडं सापडलं. पाटलालाही हसू आवरेना. कारकून हसला नाही. त्यानं अंडं चांदबीच्या हातावर ठेवलं आणि वहीतून दुसरी चूल खोडली. शिवाय पुढचे दोन बाजार त्या घराला काहीच मिळायचं नाही, असं ठरवून तो गेला. त्या दिवशी तो सोजराबाईच्या घरापर्यंत आला नाही. पण चांदबी हातात अंडं घेऊन ओट्यावर बसली होती, आणि आज तिच्या जिभेला एकही थट्टा सुचत नव्हती. दोघी जावांनी ते पाहिलं.

त्या दिवसापासून मडकी वेगळी झाली. कारकून मडक्यातही डोकावतो, असं कुणी तरी सांगितलं होतं. मग पीठ वेगळं दळलं गेलं, आणि राख खरी ऊन राहावी म्हणून दोन्ही चुलींवर खरोखरचा स्वयंपाक होऊ लागला. लेकरं आपापल्या आईपुढे बसायला लागली. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

सोजराबाईची लेकरं मोठी. थोरला तुळशीराम तर वाढीच्या वयाचा, त्याला दोन भाकरी कुठे जात हे समजत नसे. तानुबाईची दोन लहान, आणि तिच्याकडे लावलेली सासू चिमणीएवढं खाणारी. मापं दोन्हीकडे सारखी, पण आठवडा संपत आला की एका मडक्यात पीठ असे आणि दुसऱ्यात बोटं खरडली तरी काही लागत नसे. आधी हे सोजराबाईच्या हातून आपोआप सारखं व्हायचं. आता हात दोन झाले होते.

एका दुपारी ती वाटी घेऊन पडवीत गेली. "तानू, थोडं पीठ दे."

तानुबाईनं वाटी शीग लावून भरली. दुसऱ्या दिवशी परत तेच. तेव्हा तानुबाईची शालू, शेंबडी पोर, चुलीपुढे बसून भाकर चावत होती. ती म्हणाली, "आई, काकूनं कालचं उसनं अजून नाही देल्लं."

तानुबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. पोर रडायला लागली. सोजराबाई म्हणाली, "मारू नको तिले. पोर काय खोटं बोलली?" आणि वाटी घेऊन आत आली. शेजारपाजारी उसनं मागायचं असतं. या घरात आजवर हा शब्द कुणी कुणाला वापरला नव्हता. तिनं त्या पिठाची पेज केली आणि लेकरांना वाढली. चवीत काही फरक नव्हता.

संध्याकाळच्या पाण्याला दोघी विहिरीवर होत्या. खालचं गढूळ पाणी बादलीत यायला वेळ लागत होता. दोर धरून तानुबाई म्हणाली, "बाई, पोरीचं मनावर घेऊ नका."

"नाही घेतलं."

"एक सांगू? राग नका धरू." ती दोराकडेच बघत म्हणाली, "इतके वर्स तुमी वाढलं. माह्या लेकराइले कधी कमी नाही वाढलं, मी देवापुढं सांगीन. पन माह्या पोरीनं मले कधी 'आई, भाकर दे' असं नाही म्हटलं. तुमालेच म्हने. आता मले म्हंते."

जिला आपण धुरापासून वाचवलं असं सोजराबाई समजत होती, तिचं हे एवढं एक मागणं होतं, आणि ते तिनं इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. "बादली वर घे," ती एवढंच म्हणाली.

उन्हाळा चढला तसा कारकून पुन्हा आला. या वेळी थेट त्यांच्या दाराशी. पाटील मागे उभे. त्यानं आतल्या चुलीतली राख पाहिली, पडवीतल्या चुलीतली पाहिली. दोन्ही ऊन होत्या. मडक्यांतही डोकावला. मग त्याची नजर उंबऱ्याशी बसलेल्या आंधळ्या म्हातारीवर गेली. म्हातारीला खोटं बोलायची सवय नव्हती. तिच्या तोंडून सवयीनं 'सोजराकडं' एवढं निघालं असतं तरी चूल एक ठरली असती. चार मापं गेली असती, वर दोन बाजार कोरडे. चांदबीच्या घरी त्या कोरड्या बाजारांत किती उपास पडले ते साऱ्या वाडीनं पाहिलं होतं.

"आजी," कारकून वाकून म्हणाला, "तुम्ही जेवता कुणाकडे?"

म्हातारीनं मान आवाजाच्या दिशेनं वळवली. "धाकलीकडं."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? मोठीची भाकर पातळ, पापुद्रा फुगणारी. धाकलीची जाड अस्ते. काठाले कच्ची राह्यते कधी कधी. पन पान्यात मोडली का मऊ होते. मले दात कुठं हायत?"

कारकुनाच्या तोंडावर पहिल्यांदा हसू दिसलं. असं कुणी पढवून सांगत नाही, हे त्याला कळलं. "ठीक आहे," म्हणून तो निघाला. पाटलांनी जाता जाता सोजराबाईकडे पाहून मान हलवली, शाबास म्हटल्यासारखी.

मापं वाचली. पण सोजराबाई दाराची चौकट धरून तशीच उभी राहिली. म्हातारी खोटं बोलली नव्हती. गेले कित्येक दिवस आपण 'आत्याबाई, या जेवाले' म्हटलं की ती 'भूक नाही' म्हणते, हे तिला आता आठवलं. तुळशीरामच्या ताटातलं कमी होऊ नये म्हणून म्हातारी भिंतीला हात लावत लावत पडवीत जात होती, आणि तिथे खरंच जेवत होती. कडेची कच्ची भाकर खात होती आणि सोजराबाईला काही सांगत नव्हती.

मृगाच्या सुमाराला पाऊस झाला. चांगला झाला. शेतांत कामं निघाली, आणि चावडीवरचं वाटप बंद झालं. कारकून शेवटच्या बाजाराला आला तेव्हा चांदबीनं त्याला म्हटलं, "साहेब, आता कोंबडीले दुसरी जागा पाहा लागन." तोही हसला, म्हणाला, "तिला सांगा, माझा तिच्यावर राग नाही."

पुढच्या सकाळी सोजराबाई खुरपं घेऊन पडवीत गेली. आता दोन चुलींचं काय काम? चूल मोडून माती नाल्यात टाकावी आणि कोपरा सारवून घ्यावा, असं तिच्या मनात होतं. तानुबाई चुलीपुढे बसली होती. तव्यावर भाकर होती. खुरपं तिनं पाहिलं, पण उठली नाही.

"पेटती हाये, बाई," ती हळू म्हणाली.

पेटती चूल कुणी मोडत नाही. "मंग विझली का सांग," सोजराबाई म्हणाली.

"हाव."

दुपारी ती पुन्हा गेली तेव्हा चूल गार दिसली. तिनं वरची राख खुरप्यानं जरा बाजूला केली. खाली गोवरीचा निखारा लाल होता, नीट झाकून ठेवलेला. दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या दिवशी ती खुरपं घेऊन गेली नाही. सासूचं अंथरूण तोवर पडवीत आलं होतं. ते कुणी हलवलं हे तिनं विचारलं नाही.

भांडण कधीच झालं नाही. लोकांना सांगायला काही कारणही नव्हतं. मळा पुढे सहज वाटला गेला, मधून पाण्याचा पाट एक. तानुबाईच्या वाफ्यातली मेथी आधी आली तर ती जुडी पाठवी, आणि सोजराबाई ती रिकाम्या हातानं परत पाठवत नसे. म्हातारी वारली तीही तानुबाईच्या चुलीपुढेच. सोजराबाई शेवटपर्यंत उशाशी होती, पण तोंडात शेवटचं पाणी घालायला लोकांनी तानुबाईला पुढे केलं, कारण म्हातारी तिच्याकडे होती. सरकारचा हुकूम केव्हाच मागं पडला होता. ज्या कारकुनानं तो ऐकवला तो कुठे बदलून गेला, कुणाला माहीत नव्हतं. त्याच्यावर राग धरावा असं सोजराबाईला कधी वाटलं नाही. त्याच्याकडे कोठार एक होतं, तिच्याकडे तोंडं आठ होती. त्यानं चार म्हटलं, आणि तिनं आपल्या हातानं माती कालवून घराचे चार-चार केले. दुसरं काय करता आलं असतं, हा विचार ती कधी कधी भाकर थापताना करी. भाकर उलटायची वेळ होई आणि तो तिथेच राही.

काही वर्षांनी शालूचं लग्न निघालं. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत सोजराबाई तानुबाईकडेच राबत होती. हळद तिनंच कांडली होती. लग्नाच्या सकाळी ती जराशी घरी आली. तुळशीरामची बायको भाकरीला बसली होती. तेवढ्यात गावचा न्हावी दारात उभा राहिला.

"सोजराबाई, तानुबाईकडलं चूलबंद आवतन हाये हो!"

चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं. असं आवतन गावातल्या दुसऱ्या घरांना देतात. स्वतःच्या घराला कोण देतो?

सोजराबाईच्या हाताला अजून हळद होती. "तुले कोनं धाडलं इकडं?" तिनं विचारलं. "चुकून तं नाही आला?"

"चुकून कसा येईन? तानुबाईनं बजावून सांगतलं ना. पह्यलं आवतन मोठ्या बाईले दे, मंग बाकी वाडीत फिर. मान तुमचा."

मान होता, यात शंका नव्हती. तानूनं मनापासूनच सांगितलं असणार. सोजराबाईनं सुपातली पसाभर ज्वारी न्हाव्याच्या झोळीत टाकली.

"मंग येसान ना सगळे?"

"येऊ," ती म्हणाली.

तो पुढच्या दाराकडे गेला. आत येऊन ती म्हणाली, "सूनबाई, तवा उतरव. चूल विझव. आज आपल्याले आवतन हाय."

सून गोंधळून बघत राहिली. "आपल्याले? काकूकडलं?"

"हाव," सोजराबाई म्हणाली, आणि परातीतलं पीठ परत मडक्यात भरू लागली.